अंगठ्याखालच्या ओळी

६ जानेवारी २०२५, सोमवार

अंगठा माझाच आहे. नाकारत नाही.

कॉलेजच्या ग्रंथपाल जया मॅडमनी आज मोठ्या पडद्यावर मी स्कॅन केलेलं दाखल क्रमांक ३२०६ उघडून दाखवलं — समाजशास्त्राचं ते हिरव्या बांधणीचं पुस्तक, पानं चारशे बारा. प्रत्येक डाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक डावा अंगठा. नखावर उभी चीर. ती चीर १९९४ साली प्रेसमधल्या कटिंग मशीनने दिलेली, अर्ध्या दिग्रसला माहीत आहे. त्यामुळे अंगठा कोणाचा, हे कोणी विचारलंच नाही. सरळ माझ्याकडे पाहिलं.

प्राचार्य हसले. नागोराव शिपाई म्हणाला, "कय्युमभाऊ, तुमी त पुस्तकाच्या आतमंदीच जाऊन बसले. चारशे ठिकानी!"

चारशे नाही. डावी पानं दोनशे सहा. म्हणजे अंगठे दोनशे सहा. तिथल्या तिथे सांगितलं.

नोंद असावी म्हणून लिहितो — दोनशे चौदा पुस्तकं मी एकट्याने स्कॅन केली. दोन वर्षं लागली. ना डिग्री, ना ट्रेनिंग. दहावीत नापास झालो नाही, बसलोच नाही. कॉम्प्युटर शिकलो तो ऑफिसने भंगारात काढलेल्या मशीनवर. बांधणी करणाऱ्याचा हात पान सपाट धरतोच, त्याला सांगावं लागत नाही. पान सपाट म्हणून ओळ सरळ. दोनशे सहा पानांत एक ओळ वाकडी दाखवा. ते कोणी पाहिलं नाही. अंगठा पाहिला.

घरी हुस्नाबीला सांगितलं. ती पोळी लाटत होती. वर न बघता म्हणाली, "मैं तो कबसे बोल रही, हर चीज पे अंगूठा मत रखो."

७ जानेवारी, मंगळवार

जया मॅडम वाईट नाहीत. वय एकतीस, राजूरच्या, वडील कोळसा खाणीत. ग्रंथपालाची रीतसर पदवी. दिवाळीनंतर रुजू झाल्या. त्याआधी चार वर्षं जागा रिकामी होती आणि ग्रंथालय मी चालवलं — पदनाम परिचर, काम सगळं.

आज म्हणाल्या, "अंगठ्याचं राहू द्या कय्युमभाई. मला एवढंच सांगा, आपलं डिजिटल ग्रंथालय चार वाजता बंद का होतं?"

"ग्रंथालय चारला बंद होतं म्हणून."

"पण लोक घरून वाचतात ना."

"वाचोत ना. अकरा ते चार वाचोत."

मग पद्धत समजावून सांगितली. एक प्रत, एक वाचक. पुस्तक कोणाला मोबाइलवर दिलं की त्याची कागदी प्रत कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. सात दिवसांनी फाइल आपोआप बंद होते, मगच दुसऱ्याला. एकाच वेळी दोघांनी एक पुस्तक वाचलं असं माझ्या काळात झालेलं नाही. आणि चार वाजता यंत्र बंद करून मी त्याच्यावर खोळ घालतो. खोळ हुस्नाबीने शिवली आहे, निळी, नाडीची.

मॅडमनी खोळीकडे बराच वेळ पाहिलं. "पद्धत चांगली आहे," म्हणाल्या. "खोळ सोडून."

९ जानेवारी, गुरुवार

निर्णय. सगळ्या अंगठ्यांखाली जे शब्द झाकले गेले ते टाइप करून प्रत्येक पुस्तकाला जोडायचे. शीर्षक ठरलं : 'शुद्धिपत्र — अंगठ्याखालील मजकूर'. सुरुवात ३२०६ पासून, कारण बदनामी तिथूनच झाली.

नागोरावने विचारलं, "मंग अंगठाच काहून नाही पुसून टाकत? कंप्युटरात होते म्हनतात."

अंगठा पुसला तर खाली पांढरं राहील. शब्द येणार नाहीत. हे त्याला तीनदा सांगावं लागलं.

१० जानेवारी, शुक्रवार

३२०६ चं शुद्धिपत्र पूर्ण. चढवलं.

११ जानेवारी, शनिवार

आपल्या प्रणालीत वाचकासाठी एक चौकट आहे — 'ग्रंथालयास निरोप'. ती मीच ठेवली होती. दोन वर्षांत तिच्यात सातच निरोप आले. त्यांतले पाच 'पासवर्ड विसरलो'.

आज आठवा. वाचक क्रमांक ४१७. वेळ दुपारी २.१०.

"शुद्धिपत्रात पान ८४ वरच्या दोन ओळी दिल्या आहेत. अंगठ्याखाली तीन असाव्यात. वाक्य जुळत नाही."

कपाट उघडून कागदी प्रत काढली. तीन आहेत. मधली मी गाळली.

चहा प्यायलो नाही. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायची सवय आहे मला, त्यासाठी वेगळी वहीच आहे. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, कॉलेजचं लेटरहेड, सगळं तारखेसकट. आज त्या वहीत पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं.

पण संध्याकाळी राग उतरला. कागदी प्रत समोर नसताना, नुसत्या अर्थावरून या माणसाने गाळलेली ओळ पकडली! असा वाचक चार वर्षांत पाहिला नाही. उत्तर पाठवलं — "चूक मान्य. दुरुस्त केली. आभार."

१२ जानेवारी, रविवार

किराणा. हुस्नाबी यादी तोंडी सांगते, मी लिहितो. पूर्वी तीच लिहायची. बाभुळगावला नववीपर्यंत मराठी शाळेत होती, अक्षर बरं होतं. २००९ साली मी एकदा यादी लाल पेनने तपासून दिली — सोळा जिनसांत नऊ चुका. तेव्हापासून तोंडी सांगते. ते सोयीचं पडतं, चुका होत नाहीत.

दुपारी ती नेहमीसारखी शेजारच्या नसरीनसोबत शिवणकामाला गेली. चार महिने झाले, दर रविवारी जाते. अजून एक झबलंसुद्धा घरात दिसलं नाही.

१३ जानेवारी, सोमवार

४१७ : "पान १२६. 'कुटुंब' वरच्या प्रकरणात लेखक म्हणतो की घरकामाला काम समजत नाहीत. यावर दुसरे पुस्तक आहे का?"

दाखल क्रमांक २८७७ सुचवलं. त्याच्या शुद्धिपत्राला अजून वेळ आहे, तसं स्पष्ट कळवलं.

४१७ : "चालेल. आता अंगठा दिसला की त्याखाली काय असेल ते अंदाजाने समजते."

१५ जानेवारी, बुधवार

नागोरावने काल घरचा तिळगूळ आणला होता, तो आज वाटला. तो तोंडात असतानाच मॅडमनी जाहीर केलं — आजपासून डिजिटल ग्रंथालय चोवीस तास. यंत्र बंद करायचं नाही. खोळ घडी करून माझ्या हातात दिली.

तोंड गोड होतं म्हणून काही बोललो नाही. बहुतेक मुद्दाम वेळ साधली.

चोवीस तासांमुळे कोणाला आनंद झाला ते पाहावं म्हणून सर्व वाचकांना निरोप पाठवला. बत्तीस उत्तरं आली, सगळी खुशीची. एक सोडून.

४१७ : "मला अकरा ते चारच सोयीचे आहे. बाकी वेळी बंद असले तरी चालेल."

हे छापून काढलं आणि मॅडमच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, एक तरी वाचक शिस्तीचा आहे. मॅडमनी वाचलं, ओढणी तोंडाला लावली आणि खोकल्या. थंडी वाढली आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

ताप. घरीच. बाहेर पाटीवर 'ज्युस' लिहिलेला गाडा दोनदा गेला, उठून नोंद करायची ताकद नव्हती.

हुस्नाबी आज बेचैन. काढा दिला, कपाळावर पट्टी ठेवली, आणि तीन वेळा विचारलं, "कल तो जाओगे ना?" काळजी आहे बाईला.

१८ जानेवारी, शनिवार

कामावर. मॅडमनी वाचकांच्या हजेरीचा तक्ता दाखवला. ४१७ रोज साडेअकराच्या सुमारास येतो आणि पावणेचारला जातो, एक दिवस चुकवत नाही. फक्त काल आला नाही.

बिचारा, तोही तापाने पडला असावा. साथच आहे.

मॅडम म्हणाल्या, "कय्युमभाई, तुम्ही बारीकसारीक सगळं बघता, नाही?"

"सवय आहे," म्हटलं.

२० जानेवारी, सोमवार

४१७ : "पान १४० नंतर नखाची चीर वाढलेली दिसते. ती पाने थंडीत स्कॅन केली असावीत. थंडीत खोबरेल लावत जावे."

हा मजकूर चौकटीच्या उद्देशात बसत नाही. तरी नोंदवही काढून पाहिली. पान १४० डिसेंबरात स्कॅन केलं होतं. बरोबर.

२१ जानेवारी, मंगळवार

हुस्नाबीने खोबरेलची बाटली माझ्या टेबलावर ठेवली होती. जागा चुकीची. उचलून न्हाणीच्या फळीवर ठेवली.

२२ जानेवारी, बुधवार

गंभीर गोष्ट सापडली.

आपल्या कॉलेजात दर रविवारी मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र भरतं. शाळा अर्ध्यात सुटलेल्यांसाठी, बहुतेक बायामाणसं. त्यांना दिवाळीनंतर मॅडमनी आपल्या प्रणालीत सभासद करून घेतलं. अडतीस जण. आज यादी उघडली — अडतीसच्या अडतीस नावांचा रकाना रिकामा! नुसते क्रमांक. ४१७ त्यांतलाच.

विचारलं तर म्हणतात, "नावं नंतर भरू म्हटलं. काहींनी सांगितलं होतं, नाव दिसू देऊ नका. मी भरते ना आता."

म्हटलं, अशी भरायची नाहीत. समोर यावं, ओळखपत्र दाखवावं. पुढच्या महिन्यात तपासणी समिती येते आहे. बिननावाच्या माणसाला पुस्तक दिलं हे माझ्या ग्रंथालयात चालणार नाही.

"सगळ्यांना यायला जमेल असं नाही, कय्युमभाई."

"ज्याला पुस्तक हवं तो येईल."

प्राचार्यांकडून सही घेऊन आलो. मुदत : शनिवार, १ फेब्रुवारी, दुपारी चार. जो येणार नाही त्याचं सभासदत्व रद्द, फाइल बंद. अडतीस जणांना निरोप गेला. भाषा दोनदा तपासली. निर्दोष.

२४ जानेवारी, शुक्रवार

येत आहेत. आज अकरा.

कापसाच्या जिनिंगचा चौकीदार उकंडा आला, डोक्याला मफलर. आधार कार्ड काउंटरवर ठेवून म्हणाला, "सायब, मी रातच्याला ड्युटीवर वाचतो. मशीनचा आवाज नसला की मन लागते. चोवीस तास केलं ते लय झाक केलं."

श्रेय मॅडमचं आहे, हे सांगितलं. प्रामाणिकपणा म्हणून. सोपं गेलं नाही.

अंगणवाडीची सुखीबाई एसटीने आली. घाबरलेली. "पुस्तक म्या वापस केलं जी. पन मोबाइलमंदी त्याचं चित्र अजून दिसून राह्यलं. दंड लागीन काय?" मुखपृष्ठ दिसतं, आतलं उघडत नाही, हे करून दाखवलं. मग निघता निघता थांबली आणि म्हणाली, "तो अंगठा तुमचाच ना? आमी वर्गात त्याले 'अंगठेसर' म्हनतो. पान उघडलं की म्हनतो, आले अंगठेसर."

नागोराव हे ऐकून बाहेर जाऊन आला.

वाईट वाटलं नाही. सर म्हणतात हे माहीत नव्हतं.

२७ जानेवारी, सोमवार

चौतीस झाले. ४१७ अजून नाही. आज निरोप आला, नेहमीपेक्षा लांब. जसाच्या तसा उतरवतो.

"महोदय, माझी परीक्षा १२ फेब्रुवारीला आहे. ३२०६ आणि २८७७ याशिवाय अभ्यास होणार नाही, विकत मिळत नाहीत. मी समोर येऊ शकत नाही. मी शिकते आहे हे घरी माहीत नाही. घरात एक जण आहेत, फार हुशार आहेत, पण लिहिले की आधी चुका बघतात, काय लिहिले ते मागून. म्हणून सांगितले नाही. पास झाले तर सांगीन. तोपर्यंत कार्ड बंद करू नये, ही विनंती."

४१७ बाई आहे.

मी इतके दिवस 'तो' लिहीत आलो. मागची पानं उलटून पाहिली, पाच ठिकाणी आहे. दुरुस्त केलं नाही. तेव्हा माहीत नव्हतं, ते तसंच राहू द्यावं.

पण काय माणसं असतात एकेकाच्या घरी. बाई या वयात पुस्तक उघडते आहे आणि घरचा माणूस चुका मोजत बसला आहे. असल्याला समोर बसवून दोन शब्द सुनावायला हवे. तो काय शिकलेला असेल, देव जाणे.

२८ जानेवारी, मंगळवार

उत्तर पाठवलं. मसुदा तीनदा केला.

"नियम सर्वांना सारखा आहे, मुदत वाढणार नाही. ओळख गुप्त राहील, फक्त एकदा समोर यावे. राहिला आपल्या घरचा प्रश्न. घरच्या माणसास स्पष्ट सांगावे. जो माणूस शिकणाऱ्याच्या चुका काढून त्याला गप्प बसवतो, तो स्वतः शिकलेला नाही, त्याने फक्त पाठ केले आहे. त्याला भिऊ नये. — कय्युम, परिचर, ग्रंथालय."

मॅडमना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. "हे पाठवाच," म्हणाल्या. "नावासकट पाठवा."

तीन वाजता उत्तर आलं : "मिळाले. वहीत उतरवून ठेवले आहे. खाली तुमचे नावही लिहिले आहे."

येईल. अशी बाई मुदत चुकवणार नाही.

३० जानेवारी, गुरुवार

घरी पिठाच्या डब्यामागे अस्माचा जुना टॅब सापडला. काच तडकलेली. पोरगी लग्न होऊन पुसदला गेली तेव्हाच ठेवून गेली होती. चार्जिंग चौऱ्याऐंशी टक्के.

"वापरत नाही तर चार्ज कशाला?" विचारलं.

"अस्माका व्हिडिओ कॉल आया तो?" हुस्नाबी म्हणाली.

कॉल माझ्या फोनवर येतो. जेवताना एकदम म्हणाली, "वो कार्डवाली तारीख आगे नहीं होती क्या?"

मुदतीचं मी घरी बोललो असेन. म्हटलं, नियम एकासाठी वाकवला की सगळ्यांसाठी मोडतो.

"हौ," म्हणाली. "वो तो है."

१ फेब्रुवारी, शनिवार

सदतीस आले. ४१७ आली नाही.

तीनपासून दारावर नजर होती. पावणेचारला एक बाई आली, उठून उभा राहिलो. शिष्यवृत्तीची खिडकी विचारत होती. चार वाजले. नागोराव किल्ल्या वाजवत उभा. "कायची वाट पाहून राह्यले भाऊ? चार वाजले न?"

म्हटलं, घड्याळ पुढे आहे.

घड्याळ पुढे नाही. रोज मीच लावतो.

चार वाजून वीस मिनिटांनी ४१७ समोरची कळ दाबली. 'सभासदत्व रद्द. २ फाइली बंद.' पडद्यावर तेवढंच येतं.

जाताना मॅडम एवढंच बोलल्या, "नियम तुमचा होता, कय्युमभाई."

घरी आलो तर हुस्नाबीने विचारलं, "सबके कार्ड हो गए?"

"एक राहिलं."

"किसका?"

"माहीत नाही. नाव नव्हतं."

तिने ताट वाढलं. भाजीत मीठ नव्हतं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी चैन पडेना. हुस्नाबी शिवणाला गेली आणि मी भिंतीवरचं सन्मानपत्र खाली काढलं — 'उत्कृष्ट ग्रंथबांधणी, १९९९'. पत्र गादीखाली ठेवलं. फ्रेमची काच घेतली, कागदात गुंडाळून कॉलेजला आलो.

काच पानावर ठेवली की पान आपोआप सपाट होतं. हाताची गरजच नाही. हे दोन वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं. चुकांच्या वहीत लिहिलं.

अकरा ते चार पस्तीस. ३२०६ ची दोनशे सहा डावी पानं पुन्हा स्कॅन केली. एकही अंगठा नाही. पान ८४ वर तिन्ही ओळी दिसतात. वाचणारी नाही, एवढंच.

खालच्या वर्गात अभ्यासकेंद्र भरलं होतं. बायकांचं हसणं वर येत होतं. मग कोणीतरी उभं राहून उत्तर सांगू लागलं, कुटुंब आणि घरकाम यावर. न अडखळता, एकामागून एक मुद्दे. २८७७ मधलाही एक मुद्दा आला. आवाज ओळखीचा वाटला. पण दिग्रस लहान आहे, इथे सगळेच आवाज ओळखीचे वाटतात. पान १९८ काचेखाली होतं, उठता आलं नाही.

उठायला हवं होतं. कदाचित तीच असेल, ४१७. माफी नाही, पण नवा अर्ज करता येतो एवढं सांगितलं असतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

११.०५ ला ४१७ काउंटरवर आली. सकाळी माझ्यासोबतच घरून निघाली असती तर ऑटो करावा लागला नसता.

म्हणाली, "सर, नवीन अर्ज पाहिजे होता." सर म्हणाली. मराठीत.

ओळखीचा पुरावा मागितला. दुसरं काही सुचलं नाही. तिने वहीचं पान पुढे केलं — २८ जानेवारीचा निरोप, सुवाच्य अक्षरात, खाली माझं नाव. तपासला. चूक नाही. मग काय लिहिलं आहे ते वाचलं.

अर्ज तिनेच भरला. पेन मी दिलं, निळं.

फोटो काढताना कोपऱ्यात माझा अंगठा आला. म्हटलं, पुन्हा काढतो.

"राहू द्या सर," ती म्हणाली. "वर्गात दाखवायचा आहे."